टॅल्कीटनाहून डेनालीकडे: विमानाच्या खिडकीतून हिमनदी कशी वाचायची

अलास्काची सहल अमेरिकेतल्या मराठी घरांना आता नवी राहिलेली नाही. जून-जुलै आला की कुणाची तरी मुलगी-जावई, कुणाचा भाऊ तिकडे जाऊन येतो आणि घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येतो. आठ-दहा माणसांचं छोटं विमान, चाकांच्या जोडीला स्की बसवलेल्या, दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे सरळसोट कडे, आणि विमान चक्क हिमनदीवर उतरतं. माणसं बाहेर येतात, फोटो काढतात, परत बसतात.

पाहणाऱ्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. बर्फ फुटत नाही का? नदी म्हणता, तर ती वाहते का? ते लांबच लांब काळे पट्टे कसले? आणि इतका बर्फ शिल्लक आहे, तर वितळण्याची एवढी चर्चा का? हे प्रश्न अगदी योग्य आहेत. त्यांची उत्तरं माहीत असतील तर खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक रेषेला अर्थ येतो. म्हणून जाणाऱ्यांसाठी आणि घरबसल्या व्हिडिओ पाहणाऱ्यांसाठीही, हा विषय मुळापासून समजून घेऊ.

गाव लहान, डोंगर अफाट

टॅल्कीटना हे अलास्कातलं जेमतेम हजारभर वस्तीचं गाव. अँकरेजपासून रस्त्याने साधारण १८० किलोमीटर उत्तरेला. सुसिटना, चुलिटना आणि टॅल्कीटना या तीन नद्या इथे एकत्र येतात. १९१५ च्या सुमारास अलास्का रेल्वेचं काम सुरू झालं तेव्हा हे गाव कामाचं ठाणं होतं. त्याच्या आगेमागे सोन्याच्या शोधात आलेल्यांची ये-जा होती. त्या काळातल्या लाकडी इमारती मुख्य रस्त्यावर आजही वापरात आहेत.

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे शंभर मीटरवर आहे. तिथून शंभरेक किलोमीटरवर डेनालीचं शिखर आहे ६,१९० मीटरवर. एव्हरेस्ट त्याहून खूप उंच असलं तरी ते तिबेटच्या पठारावरून वर येतं आणि ते पठारच चार-पाच हजार मीटर उंचीवर आहे. डेनाली सखल प्रदेशातून उठतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जवळपास साडेपाच हजार मीटरची चढण. उत्तर अमेरिकेतलं हे सर्वांत उंच शिखर. २०१५ मध्ये अमेरिकेच्या संघीय सरकारने डेनाली हे नाव अधिकृत केलं, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा माउंट मॅकिन्ली केलं. राष्ट्रीय उद्यानाचं नाव मात्र डेनालीच आहे आणि अलास्कातली माणसं शिखरालाही डेनालीच म्हणतात, म्हणून मीही तेच वापरतो.

या एकाएकी उठलेल्या उंचीतूनच पुढचं सगळं घडतं. अलास्काच्या आखातावरून येणारी दमट हवा या भिंतीला अडते, वर चढते, थंड होते आणि ओलावा सोडते. आपल्याकडे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो त्यामागेही हेच कारण आहे. इथे थंडीमुळे पावसाचं हिम होतं आणि ते वर्षानुवर्षं साठत राहतं. डेनाली राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे सहावा हिस्सा हिमनद्यांखाली आहे.

घट्ट बर्फ वाहतो कसा?

ताजं हिम अतिशय हलकं असतं. एक घनमीटर हिमाचं वजन ५० ते १०० किलो भरतं, कारण त्यात बहुतांश हवाच असते. पुढच्या वर्षीचं हिम त्यावर पडतं, त्याच्या पुढच्या वर्षीचं त्यावर. खालच्या थराचे नाजूक स्फटिक दाबाने मोडतात, गोलसर होतात, एकमेकांना चिकटतात, मधली हवा बाहेर ढकलली जाते. अलास्काच्या या भागात काही दशकांत त्याचा घट्ट बर्फ होतो, घनमीटरला सुमारे ९०० किलोंचा. अंटार्क्टिकाच्या कोरड्या भागात याच कामाला शतकं लागतात.

असा बर्फ पुरेसा जाड झाला की स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. या सरकणाऱ्या बर्फालाच हिमनदी म्हणतात. न सरकणारा साठा कितीही मोठा असला तरी ती हिमनदी नव्हे.

घट्ट पदार्थ वाहतो ही गोष्ट मनाला पटत नाही. त्यासाठी गुळाची ढेप आठवा. बत्त्याने मारली तर तिचे तुकडे उडतात, पण तीच ढेप उन्हाळ्यात कोपऱ्यात पडून राहिली तर आठवडाभरात खालून पसरते, बसते, आकार बदलते. झटक्याने ताण आला तर तडकायचं आणि सावकाश दाब आला तर वाकायचं, हे दोन्ही गुण एकाच पदार्थात असतात. हिमनदीचंही तसंच आहे. वरचे तीस-चाळीस मीटर ठिसूळ असतात. नदी वळली किंवा खालचा खडक एकदम उतरला की ते तडकतात आणि भेगा पडतात. त्याखालचा बर्फ दाबाखाली असतो, तो तडकत नाही, सावकाश वाहतो. म्हणूनच भेगा नदीच्या तळापर्यंत जात नाहीत, ठरावीक खोलीवर मिटतात. याशिवाय बर्फ आणि खडक यांच्यामध्ये वितळलेलं पाणी शिरलं की संपूर्ण नदी तळावरून घसरतेही.

टॅल्कीटनाहून निघालेली विमानं बहुधा रूथ हिमनदीवरून जातात. तिच्या ग्रेट गॉर्ज नावाच्या चिंचोळ्या भागात नदी जेमतेम दीड किलोमीटर रुंद आहे आणि दोन्हीकडचे ग्रॅनाइटचे कडे बर्फाच्या पृष्ठभागापासून सुमारे दीड हजार मीटर वर जातात. बर्फाच्या खालीही दरी आणखी शेकडो मीटर खोल आहे, ती आपल्याला दिसत नाही. या अरुंद वाटेतून नदी दिवसाला सुमारे एक मीटर सरकते. तुमची फेरी तासाभराची असेल तर तेवढ्यात तुमच्याखालची नदी चार सेंटीमीटर पुढे गेलेली असते. शेजारची कहिल्टना हिमनदी सुमारे ७० किलोमीटर लांब आहे, अलास्का पर्वतरांगेतली सर्वांत लांब. गंगोत्री हिमनदी साधारण ३० किलोमीटरची आहे, यावरून अंदाज यावा.

खिडकीतून काय पाहायचं

सगळ्यांत आधी लक्ष जातं ते काळ्या-करड्या पट्ट्यांकडे. हिमनदी दोन्ही काठांचे खडक खरवडत येते आणि कड्यांवरून पडलेले दगडही वाहून नेते. काठावर साठलेल्या या दगडमातीला हिमोढ म्हणतात. दोन हिमनद्या एकमेकींना मिळाल्या की पहिलीचा उजवा काठ आणि दुसरीचा डावा काठ एकत्र येतो आणि मोठ्या नदीच्या मधोमध एक काळी रेघ तयार होते. पुढे तिसरी नदी मिळाली की दुसरी रेघ. म्हणजे पट्टे मोजले आणि त्यात एक मिळवला की वरून किती प्रवाह आले ते समजतं. माझ्या मते पूर्ण फेरीत पाहण्यासारखी सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. वीस-वीस किलोमीटर वाहूनही प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत. पाण्याच्या नदीत असं सहसा होत नाही.

मग रंग. भेगांच्या आत आणि पृष्ठभागावरच्या डबक्यांमध्ये जो निळा दिसतो तो आकाशाचं प्रतिबिंब नाही. बर्फ आणि पाणी प्रकाशातला लाल भाग थोडा अधिक शोषून घेतात. हवेचे बुडबुडे निघून गेलेल्या घट्ट बर्फात प्रकाश आत खोलवर जातो, तेवढ्या प्रवासात लाल संपतो आणि निळा परत येतो. हिमात मात्र असंख्य बारीक पृष्ठभाग असतात, तिथे प्रकाश वरच्या वर सगळीकडे विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या भागात नदी शुभ्र असते आणि खालच्या भागात करडी, खरखरीत. या दोन्हींमध्ये एक सीमारेषा दिसते. रेषेच्या वर त्या हिवाळ्याचं हिम अजून टिकून आहे, खाली ते वितळून जुना बर्फ उघडा पडलेला आहे. उन्हाळा संपताना ही रेषा जिथे पोचते तिथपर्यंत नदीची कमाई आणि तिथून खाली तिचा खर्च. हिमनद्यांची प्रकृती तपासताना शास्त्रज्ञ जी मापं घेतात त्यात ही रेषा अगदी पहिल्या मापांपैकी आहे आणि ती तुम्हाला साध्या डोळ्यांनी दिसते.

खाली टोकाजवळ तर बर्फ दिसतच नाही, नुसता दगडांचा पसारा दिसतो. वैमानिकाने सांगितलं नाही तर ती खाण वाटावी. बर्फ वितळून गेला आणि त्यातले दगड वर उरले, एवढंच त्यात झालेलं असतं. त्या दगडांखाली अजूनही बर्फ आहे. गोमुखापर्यंत चालत गेलेल्यांनी हेच दृश्य पाहिलेलं असतं. भागीरथीचं पाणी तिथे गढूळ करडं का, याचंही उत्तर इथेच आहे. हिमनदी तळाच्या खडकाला घासून त्याचं अतिशय बारीक पीठ करते. ते पाण्यात तळाशी बसत नाही, तरंगत राहतं. टॅल्कीटना गावाच्या काठावर उभं राहून जे राखाडी पाणी दिसतं, त्यात अलास्का रांगेतला खडक असा दळून आलेला आहे.

विमान तिथे उतरतं कसं?

हिमनदीवर विमान उतरवण्याची सुरुवात या डोंगरावर १९३२ मध्ये झाली. जो क्रॉसन या वैमानिकाने एका वैज्ञानिक मोहिमेला डेनालीच्या उत्तरेकडच्या मुल्ड्रो हिमनदीवर उतरवलं. त्याआधी गिर्यारोहकांना पायथ्यापर्यंत पोचायलाच कित्येक आठवडे लागत. १९१३ मध्ये मुख्य शिखरावर पहिल्यांदा पोचलेली तुकडी मार्चमध्ये निघाली होती आणि माथ्यावर पोचली ७ जूनला. आज टॅल्कीटनाहून कहिल्टनावरच्या २,२०० मीटर उंचीवरच्या तळावर अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं.

१९५० च्या दशकापासून हे तंत्र घडवणाऱ्यांमध्ये डॉन शेल्डन हे नाव सर्वांत पुढे येतं. टॅल्कीटनाचा हा वैमानिक नकाशाकार ब्रॅडफर्ड वॉशबर्न यांच्यासाठी उड्डाणं करायचा आणि अडचणीत सापडलेल्या गिर्यारोहकांना सोडवून आणायचा. रूथ हिमनदीच्या वरच्या भागात चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं एक विस्तीर्ण बर्फाळ मैदान आहे, त्याला त्याचंच नाव आहे: शेल्डन ॲम्फिथिएटर. तिथे खडकाच्या उंचवट्यावर त्याने १९६६ मध्ये बांधलेली षटकोनी झोपडी अजून उभी आहे. पर्यटकांना घेऊन विमानं बहुधा याच परिसरात उतरतात.

विमानं साधारण दोन जातींची दिसतील: बीव्हर आणि ऑटर. बीव्हर पहिल्यांदा उडालं १९४७ मध्ये, ऑटर १९५१ मध्ये; दोन्ही कॅनडात बनलेली. इतकी जुनी विमानं म्हटल्यावर काळजी वाटणं साहजिक आहे. पण ही दोन्ही मुळात आखूड जागेतून उठण्यासाठीच बनवली गेली आणि कितीतरी ऑटरांना पुढे नवी टर्बाइन इंजिनं बसवली आहेत. प्रत्येक चाकाजवळ एक स्की असते. गावात डांबरी धावपट्टीवर असताना स्की वर घेतलेली असते आणि विमान चाकांवर धावतं. हिमनदी जवळ आली की वैमानिक हायड्रॉलिक पंपाने ती चाकाच्या खाली उतरवतो.

उतरताना चढाच्या दिशेने उतरायचं, उडताना उताराच्या दिशेने, हा मूळ नियम. स्कीला ब्रेक नसतो, म्हणून चढच विमानाला थांबवतो, आणि परत निघताना उतार वेग देतो. बाकी वेळी विमान वाऱ्याच्या विरुद्ध उतरवतात. इथे उतारापुढे वाऱ्याचा क्रम दुसरा लागतो, आणि पाठीमागून येणारा वारा फारच जोराचा असेल तर उतरायचंच नाही. थांबण्याआधी विमान आडवं वळवून घ्यावं लागतं, नाहीतर ते मागे घसरेल. फार वेळ उभं राहिलं तर स्की हिमाला चिकटून बसते, म्हणून मुक्काम पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. ही घाई प्रवाशांना खटकते, पण तिच्यामागे हे कारण आहे.

सर्वांत कठीण शत्रू मात्र प्रकाश आहे. आकाशात पातळ ढगांचं एकसारखं आवरण असलं की हिमावर सावली पडत नाही. सावली नसली की चढ-उतार दिसत नाहीत आणि जमीन दहा मीटरवर आहे की शंभर, हे डोळ्यांना सांगता येत नाही. जुने वैमानिक अशा वेळी स्प्रूस झाडाच्या फांद्या वरून टाकायचे, म्हणजे पांढऱ्या पसाऱ्यात डोळ्याला धरायला काहीतरी गडद मिळायचं. आजही आधीच्या विमानाच्या स्कीच्या खुणा, उभी माणसं, तंबू यांचा आधार घेतला जातो. गावात चांगला उजेड असताना "आज उतरणं नाही, वरूनच फिरवून आणू" असं सांगितलं गेलं तर बहुतेकदा कारण हेच असतं. उतरण्याचे जादा पैसे अशा वेळी सहसा परत मिळतात. आरक्षण करतानाच विचारून घ्या.

तुमचं वजन काउंटरवर विचारलं जाईल आणि कुठे बसायचं तेही सांगितलं जाईल. कुणाला हे अवघडल्यासारखं होतं. लहान विमानाचा तोल पाच-दहा किलोंनीही बदलतो, आणि उतरण्याची जागा गावापेक्षा दीड हजार मीटरहून अधिक उंच, तिथे हवा विरळ आणि पंखांना उचल कमी. खरं वजन सांगा, कपडे आणि कॅमेऱ्याची बॅग धरून.

भेगा असतात, मग पाय कुठे ठेवायचा?

भेगांची भीती रास्त आहे, कारण त्या अनेकदा दिसत नाहीत. हिवाळ्यातलं हिम भेगेच्या तोंडावर साठून पूल बनतो आणि वरून सगळं सपाट वाटतं. पण भेगा कुठेही, कशाही पडत नाहीत. नदी जिथे वळते, जिथे उतार अचानक वाढतो, जिथे काठाला घासते, तिथेच बर्फ ताणला जातो. मधला सपाट, सरळ भाग दाबाखाली असतो, तिथे भेगा कमी. उतरण्याच्या जागा अशाच भागात निवडलेल्या असतात आणि वैमानिक दर आठवड्याला, कधी दररोज, त्या वरून तपासत असतात. हंगाम पुढे सरकतो तसं हिम बसतं, पूल पातळ होतात, आणि उतरण्याची जागाही वर सरकवावी लागते. गिर्यारोहकांचा कहिल्टनावरचा तळ जुलैच्या मध्याच्या सुमारास उठतो तोही याचमुळे.

तुमच्यापुरता नियम एकच: विमानाभोवती दाबल्या गेलेल्या हिमावरच थांबा. फोटोत मागे कडा नीट यावा म्हणून पन्नास पावलं दूर जाऊ नका. गडद गॉगल घ्या. सूर्य वरूनही असतो आणि खालूनही. बूट झाकायला वरचे बूट कंपन्या देतात. उन्हात थंडी अपेक्षेपेक्षा कमी वाटते, वारा सुटला की मात्र लगेच बदलतं.

धोका खरोखर किती?

धोका नाही असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. ४ ऑगस्ट २०१८ रोजी पर्यटकांना घेऊन निघालेलं एक बीव्हर विमान डेनालीच्या नैर्ऋत्येला थंडर माउंटन नावाच्या डोंगरावर आदळलं. वैमानिक आणि पोलंडहून आलेले चार पर्यटक मृत्युमुखी पडले. डोंगर ढगांत होता. विमान अशा उभ्या, हिमकडा कोसळण्याच्या जागी अडकलं होतं की शोधपथकाला दोरावरून खाली उतरून पाहणी करावी लागली, आणि पार्थिव किंवा अवशेष काढणं शोधकर्त्यांच्याच जिवावर बेतेल म्हणून ते तिथेच ठेवण्याचा निर्णय झाला.

याचा प्रवाशाने घ्यायचा अर्थ स्पष्ट आहे. इथे मुख्य धोका दृष्टी हरवण्याचा आहे, आणि त्यावरचा खरा उपाय म्हणजे न उडणं. त्यामुळे वैमानिकाला "आम्ही भारतातून आलो आहोत, उद्या परत जायचं आहे, बघा ना जमतं का" असा आग्रह कधीही करू नये. परतीच्या आदल्या दिवशीचं एकमेव आरक्षण करणं म्हणजे त्या आग्रहाची तयारी करण्यासारखं आहे. हाताशी दोन-तीन दिवस ठेवा. उन्हाळ्यात डेनाली पाहायला आलेल्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांनाच शिखर दिसतं असं उद्यानाचं म्हणणं आहे, यावरूनच ढगांचा अंदाज येईल. शिखराभोवती उंचावरून फिरवणाऱ्या फेऱ्याही असतात. त्यात प्रवाशांना ऑक्सिजनचे मास्क लावावे लागतात.

इतका बर्फ आहे, मग काळजी कसली?

रूथच्या मैदानात उभं राहिलं की हा प्रश्न हमखास पडतो. क्षितिजापर्यंत पांढरं. यातलं काय कमी होणार?

किती बर्फ आहे यावरून नदीची प्रकृती समजत नाही. वर्षाला किती येतो आणि किती जातो यावरून समजते. वर पडणारं हिम ही कमाई, खाली वितळणारा बर्फ हा खर्च. दोन्ही सारखे असतील तर नदी जागच्या जागी राहते, वाहत असली तरी. उन्हाळे उबदार आणि लांब झाले की ती शुभ्र-करड्याची सीमारेषा वर सरकते. कमाईचा प्रदेश आक्रसतो, खर्चाचा पसरतो. तुम्ही उतरता ती जागा कमाईच्या भागात असते, म्हणून तिथे सगळं आबाद दिसतं. तूट खाली, टोकाला दिसते: नदी पातळ होते आणि दोन्ही काठांवर जुन्या उंचीची उघडी, झाडझुडूप नसलेली रेघ उरते. येता-जाता ती रेघ जरूर पाहा. डेनाली उद्यानातल्या हिमनद्यांचं क्षेत्र १९५० च्या दशकापासून या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ८ टक्क्यांनी घटलं.

जगाचा आकडा मोठा आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचे विशाल हिमथर सोडून बाकीच्या हिमनद्यांनी २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी सुमारे २६७ अब्ज टन बर्फ गमावला. त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अलास्का परिसराचा होता. इतर कुठल्याही प्रदेशाहून जास्त. समुद्राची पातळी जगभर एक मिलिमीटर वाढायला सुमारे ३६० अब्ज टन पाणी लागतं.

आता एक गोष्ट, जी ऐकल्यावर मला हा विषय कोकणापासून दूरचा वाटेनासा झाला. हिमनद्यांचं वस्तुमान इतकं प्रचंड असतं की ते आजूबाजूच्या समुद्राचं पाणी गुरुत्वाकर्षणाने स्वतःकडे ओढून धरतं. बर्फ कमी झाला की ही ओढ सैल पडते आणि ते पाणी दूरच्या समुद्रांकडे जातं. ओझं उतरल्यामुळे तिथली जमीनही वर येते. परिणामी आग्नेय अलास्कातल्या काही किनाऱ्यांवर समुद्र चक्क मागे हटतो आहे. दूरच्या किनाऱ्यांच्या वाट्याला मात्र त्या बर्फामुळे सरासरीपेक्षा थोडी जास्तच वाढ येते. मुंबई, अलिबाग, मालवण, पणजी हे सगळे दूरचे किनारे आहेत.

"पण तिथली एक हिमनदी तर पुढे सरकली ना?"

हो, सरकली. मार्च २०२१ मध्ये डेनालीवरून नेहमीची फेरी मारणाऱ्या एका वैमानिकाला मुल्ड्रो हिमनदी वेगळीच दिसली: गुळगुळीत पृष्ठभागावर सगळीकडे ताज्या भेगा, कडेने बर्फ फाटलेला. त्याने उद्यानाला कळवलं. तपासल्यावर दिसलं की नदी दिवसाला दहा मीटरहून अधिक वेगाने धावते आहे, नेहमीच्या पन्नास ते शंभर पट.

याला हिमनदीची उसळी म्हणतात. मुल्ड्रो याआधी १९५६-५७ मध्ये अशीच उसळली होती. काही मोजक्या हिमनद्यांमध्ये वरच्या भागात बर्फ दशकानुदशकं साठत जातो, तळाशी पाणी कोंडतं, दाब वाढतो आणि एका क्षणी अख्खी नदी तळापासून सुटते. काही महिन्यांनी पाण्याला बाहेर पडायची वाट सापडली की ती पुन्हा मंदावते; मुल्ड्रो त्याच उन्हाळ्यात थंडावली. यात बर्फ वाढलेला नसतो, वरचा बर्फ खाली आलेला असतो, जिथे वितळणं जास्त आहे. त्यामुळे एक नदी पुढे आली यावरून तापमानवाढ खोटी ठरत नाही. खिडकीतून अशा नद्या ओळखता येतात: त्यांचे काळे पट्टे सरळ नसतात, मुडपलेले, वेटोळे झालेले असतात.

वितळणारा बर्फ पाहायला इंधन जाळत जायचं का?

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. माझं मत असं: मुंबईहून केवळ या एका तासासाठी निघावं असं मी कुणाला सांगणार नाही. त्या लांबच्या प्रवासापुढे हिमनदीवरच्या फेरीचं इंधन अगदी किरकोळ आहे. जे कामानिमित्त, मुलांकडे म्हणून अमेरिकेत आहेतच, त्यांनी जावं. पण ही फेरी म्हणजे फोटोची जागा समजू नये. आवाजाचा प्रश्नही खरा आहे. खाली शांततेसाठी चालत गेलेली माणसं असतात, आणि डोक्यावरून जाणारं प्रत्येक विमान त्यांना ऐकू येतं.

जमिनीवरून जाण्याचा पर्यायही सध्या अपुरा आहे, आणि त्याचं कारण पुन्हा उष्णताच. उद्यानात आत जाणारा १४८ किलोमीटरचा एकमेव रस्ता ऑगस्ट २०२१ पासून साधारण ६९ व्या किलोमीटरच्या पुढे बंद झाला. प्रिटी रॉक्स नावाच्या उतारात जमिनीखाली गोठलेला बर्फ विरघळू लागला आणि रस्त्याचा तुकडा उताराबरोबर घसरत गेला, इतका वेगाने की रोज मुरूम टाकून भागेना. तिथे पूल बांधायचं काम हाती घेण्यात आलं.

हिमनदीवर माणसांनी सोडलेली घाणही नाहीशी होत नाही. कहिल्टनावर गिर्यारोहकांनी कित्येक दशकं विष्ठा भेगांमध्ये टाकली. बर्फ ती गिळतो, सावकाश खाली नेतो आणि टोकाजवळ पुन्हा वर आणतो, हे अभ्यासातून स्पष्ट झालं. २०१८ पासून ४,३०० मीटरच्या खालच्या तळांवरची विष्ठा डब्यात भरून खाली आणणं सक्तीचं आहे. पर्यटकांनीही हिमावर साधा टिश्यूचा कागद टाकू नये.

ढगांमुळे उड्डाण रद्द झालं तर

तर गाव पाहा. एक दिवस सहज जातो. प्रथम वॉल्टर हार्पर टॅल्कीटना रेंजर स्टेशन. डेनाली चढायला निघालेल्या प्रत्येकाला इथे नोंदणी करावी लागते, आणि मे-जूनमध्ये जगभरचे गिर्यारोहक सामान आवरताना दिसतात. वॉल्टर हार्पर हा अलास्कातल्या मूळनिवासी कोयुकोन समाजातला वीस वर्षांचा तरुण. १९१३ च्या त्या तुकडीत माथ्यावर पहिलं पाऊल त्याचं पडलं. २०१३ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा या केंद्राला त्याचं नाव दिलं गेलं. जवळच्या दफनभूमीत डोंगरावर मरण पावलेल्यांचं स्मारक आहे. वर्षानुसार नावं लिहिलेली आहेत, देशोदेशीची.

गावातल्या संग्रहालयात डेनालीची मोठी प्रतिकृती आहे. उड्डाणाच्या आधी ती पाहिली तर रूथ कुठे, कहिल्टना कुठे, थंडर माउंटन कुठे हे डोक्यात बसतं, आणि वरून पाहताना दिशा चुकत नाहीत. मुख्य रस्त्यावर १९२१ पासूनचं नॅग्लीचं दुकान आहे, त्याहून जुनं रोडहाउस आहे. रस्ता संपतो तिथे नद्यांचा संगम. ढग वर गेले तर तिथूनही अख्खी रांग दिसते. जूनच्या अखेरीस इथे दिवसाचे एकोणीस-वीस तास उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी सात-आठला आकाश निवळलं तरी विमानं सुटतात. कंपनीला आपला फोन नंबर देऊन ठेवा आणि गाव सोडू नका.

वेळ उरलाच तर उन्हाळ्यात टॅल्कीटनाहून उत्तरेला हरिकेन नावाच्या ठिकाणापर्यंत जाणारी छोटी रेल्वेगाडी आहे. वाटेत रस्ता नसलेल्या वस्त्या आहेत, तिथली माणसं रुळाजवळ उभी राहून हात करतात आणि गाडी थांबते. जाण्या-येण्यात अर्धा दिवस जातो. तिकीट काढण्याआधी मात्र विमान कंपनीला दुपारच्या हवेचा अंदाज विचारून घ्या.